सोळा आठवड्यांत थ्रीडी प्रिंटिंगचा कारागीर तयार होतो का?

थरावरथर (धागाकर्ता)

अमेरिकेच्या नौदलाला कोलंबिया वर्गाच्या १२ पाणबुड्या हव्या आहेत, शिवाय व्हर्जिनिया वर्गाच्या चालूच आहेत. बांधायला माणसं पुरत नाहीत. म्हणून व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिलमध्ये १६ आठवड्यांचं प्रशिक्षण चालतं. त्यात वेल्डिंग, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरचं धातू कापणं), मापांची तपासणी आणि एनडीटी (भाग न तोडता आतले दोष शोधणं) यांच्या जोडीला ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे धातूचं थ्रीडी प्रिंटिंगही शिकवतात.

उपक्रम चांगलाच आहे, पण माझ्या मते भर चुकीच्या जागी पडतोय. काम अडतं ते मंजुरीच्या टेबलावर. हॅरी एस. ट्रुमन या विमानवाहू जहाजाच्या वाफेच्या नळीतून पाणी काढून टाकणारा धातूचा एक छापील भाग घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, २०१९ मध्ये तो बसवला, आणि वर्षभर वापरून मग उतरवून तपासायचा असं ठरलं. ही सावधगिरी मला रास्त वाटते. पण अशा भागावर सही करण्याइतकी जाण असलेले इंजिनिअर किती आहेत? ऑपरेटर शेकड्यांनी तयार केले आणि सही करणारे बोटांवर मोजण्याइतके राहिले, तर छापलेले भाग कपाटातच पडून राहतील. आधी डिझाइनवाले आणि मंजुरी देणारे शिकवा.

मशीनशेजारचा

अजिबात पटलं नाही. सही करणारा जे कागद बघतो ते भरतो कोण? मशीनवरचाच माणूस ना?

माझा अनुभव सांगतो. टायटॅनियमचे जॉब, म्हणजे छापायचे भाग होते. मशीन पावडर बेडचं, म्हणजे धातूची पावडर थराथराने पसरून लेझरने वितळवणारं. उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरायची ही नेहमीची पद्धत. पण प्रत्येक फेरीत टायटॅनियम थोडाथोडा ऑक्सिजन शोषतं. धातू कडक होत जातो आणि ताणला की लवकर तुटतो. आमच्याकडे कोणती पावडर कितव्यांदा वापरली याची नोंद एका पाळीत राहून गेली. जॉब दिसायला सुंदर, मापं बरोबर, एक्स-रेमध्येही काही नाही. सोबत छापलेले टेन्साइलचे नमुने (ताकद तपासायला तुटेपर्यंत ताणायचे तुकडे) ओढले तेव्हा कळलं. अख्खी प्लेट, म्हणजे तिच्यावर एकत्र छापलेले सगळे जॉब, भंगारात गेली. ऑफिसातल्या एकाही इंजिनिअरला हे आधी दिसलं नसतं. नोंद ठेवणाऱ्याला ती का ठेवायची हे माहीत असतं, तर दिसायची वेळच आली नसती.

आणि हे फक्त दर्जाचं झालं. बारीक टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमची पावडर पेट घेते. मशीनमध्ये भरतात तो आर्गॉन वायू बंद खोलीत साचला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. हे हाताच्या सवयीत उतरायला १६ आठवडेसुद्धा मला कमीच वाटतात.

जुना वेल्डर

दोघंही मूळ गोष्ट सोडून बोलताय. ही वेगळी जात का करायची? लेझरने वितळलेल्या धातूचा थेंब कसा थिजतो, जॉब का वाकतो, फट का राहते, हे चांगल्या वेल्डरला आधीच ठाऊक असतं. तारेने थर चढवणारी पद्धत तर वेल्डिंगच आहे, फक्त हात मशीनचा. शिवाय छापलेला जॉब थेट कधी जहाजावर चढतो का? सपोर्ट (छापताना जॉबला दिलेले टेकू) कापा, हीट ट्रीटमेंट करा, मग मशीनिंग. निम्मं काम टर्नर-मिलरचंच. नव्या पोरांना शून्यापासून शिकवण्यापेक्षा मुरलेल्या कारागिरांना वरचा मजला बांधून द्या. तो लवकर आणि पक्का होईल.

मशीनशेजारचा

काका, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. पण वेल्डर एक शिवण डोळ्यांनी बघत जातो. इथे ४० मायक्रॉनचे दोन-तीन हजार थर रात्रभर एकावर एक पडतात, आणि सहाशेव्या थरात पावडर नीट पसरली नाही तर ते वरून झाकलं जातं. अशा वेळी सेन्सरचे आलेख वाचता यावे लागतात. ती सवय वेल्डिंगमधून येत नाही.

डेकवरून

कारखान्यातल्या नोकरदाराचं चित्र डोळ्यासमोर ठेवून सगळे बोलताय. गणवेशातल्यांचं काय? २०२२ मध्ये बटान या जहाजावर 'हायब्रिड' मशीन बसवलं. ३१६एल स्टेनलेसची तार वितळवून थर चढवायचा आणि त्याच जागी मिलिंग करायचं, म्हणजे जादा धातू कापून माप आणायचं. खलाशी ते शिकतो, हात बसतो, आणि मग त्याची बदली होते. पुढच्या जागी कदाचित प्रिंटरच नसतो. संरक्षण खात्याने २०२१ च्या आपल्या धोरणात मनुष्यबळाची जाण वाढवणं हे ध्येय लिहिलंय. पण शिकलेला माणूस त्या मशीनपाशी टिकणार कसा, हे बदल्यांच्या नियमात दिसलं पाहिजे. नाहीतर दर वेळी पहिल्यापासून.

थरावरथर

@डेकवरून, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तो कदाचित सगळ्यांत मोठा आहे.

@मशीनशेजारचा, पावडरची गोष्ट वाचून मी थोडा मागे सरकतो. पण तुमच्याच गोष्टीतून माझं म्हणणं निघतंय. नमुना ओढायचा हे कोणीतरी आधी ठरवलं होतं, म्हणून वाचलात. किती नमुने, प्लेटच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या दिशेने उभे, हे ठरवणारा माणूसही घडवावा लागतो. २०१६ च्या जुलैमध्ये व्ही-२२ ऑस्प्रे हे लष्करी विमान छापील टायटॅनियमचा भाग घेऊन उडालं. इंजिनाचं आवरण पंखाला धरून ठेवणारा भाग होता तो. तो तुटला तर काय, याचं उत्तर मशीनवर उभं राहून मिळत नाही.

मशीनशेजारचा

मग दोघांना एकत्र बसवा. मंजुरी देणाऱ्या इंजिनिअरने दोन आठवडे पावडर चाळावी, मास्क लावून, नोंदवही भरत. आणि ऑपरेटरच्या शेवटच्या परीक्षेत जॉब छापायला देऊ नका, बटण दाबायला कोणीही शिकतं. त्याला एका बिघडलेल्या प्लेटचे आलेख, पावडरची वही आणि सीटी स्कॅन द्या, आणि विचारा, कोणता जॉब ठेवशील, कोणता टाकशील आणि का.

जुना वेल्डर

+१. त्या परीक्षेला मी आजही बसायला तयार आहे.