मदत हवी आहे: ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातली गाण्याची झुंज अलौकिक शक्तीत धरायची का?

पात्रांच्या शक्तींचा तक्ता करतेय. आधार १८४९ची ५० सर्गांची आवृत्ती. गाडी तिसऱ्या सर्गात अडलीय. म्हातारा गायक-नायक वाइनामोइनेन गातो आणि त्याला आव्हान देणारा तरुण योउकाहाइनेन दलदलीत रुतत जातो, घोड्याची शिळा होते, चाबकाचं लव्हाळं. वाद्य नाही, नुसता गळा. म्हणून ‘अलौकिक’ लिहिलं होतं.

पण नवव्या सर्गात जखम करणाऱ्या लोखंडाची जन्मकथा सांगितल्याशिवाय वाइनामोइनेनच्याच जखमेचं रक्त थांबवता येत नाही. सतराव्यात तर नावेसाठी अडलेले शब्द आणायला स्वारी मंत्र जाणणाऱ्या महाकाय विपुनेनच्या पोटात! म्हणजे ही पाठ केलेली मंत्रविद्या झाली.

‘शिकलेली विद्या’ असा वेगळा रकाना केला, तर योउकाहाइनेनही त्यात बसतो. माहिती तोही धडाधडा सांगतो, घडत मात्र काहीच नाही. ४१व्या सर्गातलं कांतेले या तंतुवाद्याचं वादन सध्या बाजूला ठेवलंय, तिथे झुंज नाही.

एका पात्राला एकच रकाना देता येतो. मग निकष कोणता लावू: शक्ती कुठून आली, की परिणाम काय झाला?