आठवड्यातला एक तास

‘किमान वेतन वाढवलं की मालक माणूस काढून यंत्र बसवतो’ आणि ‘बेरोजगारीचा आकडा तर कमीच आहे’, किमान वेतनाच्या चर्चेत ही दोन वाक्यं एकाच दमात म्हटली जातात. पहिलं अर्धंच खरं. आमच्या सोसायटीत गेटवर कॅमेरे आणि बूम बॅरिअर बसले आणि चारांतले दोन वॉचमन गेले. पण पगार वाढला म्हणून नव्हे. बारा-बारा तास ड्युटी करून त्यांच्या हातात किमान वेतनही पडत नव्हतं. इतका स्वस्त माणूसही यंत्रापुढे टिकला नाही!

बेरोजगारीच्या आकड्याबद्दल मात्र त्या चर्चेत कुणी बोलत नाही. सरकारच्या श्रमबल पाहणीत ‘चालू साप्ताहिक स्थिती’, म्हणजे गेल्या आठवड्यात कुणाला काम होतं ते मोजतात, तेव्हा गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं असेल तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या दुकानात बिनपगारी राबणारी सूनही त्यातच. आमच्याकडून गेलेल्या त्या दोन वॉचमनांतला एक, पन्नाशी उलटलेला, आता रोज सकाळी आठला आमच्या इथल्या नाक्यावर उभा असतो. हातात फक्त डब्याची पिशवी. मुकादम आधी थापी-ओळंबा घेतलेल्या कारागिरांना उचलतो, मग तरण्या बिगाऱ्यांना. अकरा वाजले की उरलेले घरी. गेल्या आठवड्यात त्याला एकच दिवस काम मिळालं, चौथ्या मजल्यावरून डेब्रिजच्या गोणी उतरवायचं. पाहणीवाला त्याच्या दारात आला असता, तर त्याच्या नावापुढे बेरोजगार लिहिलंच गेलं नसतं.