तातडीच्या आरोग्य प्रोजेक्टात व्हेंडरचं काम मोजायचं कसं?

प्रश्न (परभणी): तपासणी मोहिमेसाठी घाईघाईत एका कंपनीला अ‍ॅपचं काम दिलं होतं, आता बिलाआधी आमच्याकडून परफॉर्मन्स रिपोर्ट मागायलेत. कंपनी म्हणते अपटाइम, म्हणजे अ‍ॅप चालू असण्याचा वेळ, 99 टक्के. पण मी स्वतः उपकेंद्रात बसून बघितलं, ओटीपीच येईना, सिस्टर शेवटी रजिस्टरमध्ये पेनानं लिहायल्या आणि रात्री घरी जाऊन मोबाईलवर भरायल्या. लै वाईट वाटलं. काय लिहू?

उत्तर (बीड): अपटाइमच्या नादी लागू नका. 99 टक्के म्हणजे 30 दिवसांत सात तास बंद चालतं, आणि ते सात तास सकाळच्या ओपीडीतच गेले तर? चार-पाच केंद्रांवर रजिस्टर आणि अ‍ॅप शेजारी ठेवून किती नोंदी त्याच दिवशी चढल्या ते मोजा. तक्रार कधी दिली, कधी सुटली, तारखा लावा. आणि ऊसतोडीला गेलेल्या बायांची नोंद तिकडच्या केंद्रात अ‍ॅपवर सापडते का तेबी बघा, आपल्याकडं खरी परीक्षा तीच आहे.

उत्तर (नांदेड): बरोबर. 16 जानेवारी 2021 ला कोविडचं लसीकरण सुरू झालं अन् त्याच्या नोंदणीच्या कोविन अ‍ॅपमध्ये लगेच अडचणी आल्या, म्हणजे घाईत असं होतं. पुढं किती लवकर सुधारलं त्याला मार्क द्या. आपल्याकडून कंपनीला तपासणीच्या लोकांच्या याद्या उशिरा गेल्या असतील तर तेही लिहा. दंड मात्र करारात लिहिलाय तेवढाच लागतो.

प्रश्नकर्ता: याद्या उशिरा गेल्यात खरं. उद्याच रजिस्टरं मागवतो.