मदत हवी आहे: १ मेला दुकान चालू, जादा पैसे नाहीत आणि बदली सुट्टीही नाही

नमस्कार. पुण्यात साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. तीन मजले मिळून तीसच्या वर माणसं, म्हणजे २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आम्हाला लागू आहे. पगार महिन्याचा, बँकेत जमा होतो.

घोळ सुट्ट्यांचा आहे. १ मे म्हणजे ऐन लग्नसराई, बस्ते बांधायला गिऱ्हाईक रांगेत, दुकान बंद ठेवायचा प्रश्नच नाही. (कामगार दिनाचं आइस्क्रीम मात्र शेठ न चुकता देतात!) २ ऑक्टोबरला बंद असतं, पण मग त्या आठवड्याची सोमवारची सुट्टी गेली. ग्रुपवर मेसेज पडतो, 'सोमवारी सर्वांनी यायचे आहे', आणि नाही गेलं की मस्टरवर खाडा. मॅनेजर म्हणतो, महिन्याच्या पगारवाल्यांना वेगळी पगारी सुट्टी नसते, पगारात सगळं धरलेलं असतं.

मी वाचलं ते असं: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी ठरवलेले चार सण, अशा ८ पगारी सुट्ट्या. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार, शिवाय बदली रजा. मग मॅनेजर बोलतो त्याला आधार काय? माझ्याकडे नेमणूकपत्र नाही, ओळखपत्र नाही. दाद मागायची तर पुरावा काय दाखवू? नोकरीही टिकवायची आहे.

प्रतिसाद

आधार काही नाही, थापा आहेत. महिन्याचा पगार असला म्हणून या सुट्ट्या बुडत नाहीत. आठवड्याची सुट्टी वेगळी, सणाची वेगळी. सोमवारी बोलावलं तर दोन महिन्यांत बदली सुट्टी द्यावीच लागते. आणि बाकीच्या रजांचं काय? वर्षाला ८ किरकोळ रजा असतात. २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ पर्यंत साठते. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे बहुतेक तिथेही बोंबच असणार.

पुराव्याला ग्रुपवरचे मेसेज आणि बँकेचं पासबुक धरा, मस्टरचा फोटो मिळाला तर उत्तमच. ओळखपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे ते नसणं तुमच्या अंगावर येत नाही. फक्त एकट्याने भांडू नका. सात-आठ जणांच्या सह्यांचा अर्ज करा, पोच घ्या. चार सण वर्ष लागायच्या आधी ठरवायचे असतात, तेव्हा डिसेंबरात विषय काढलात तर भांडण न वाटता काम होईल. नाहीच ऐकलं तर त्या अर्जाची प्रत जोडून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या.