नाताळची जुन्या वळणाची सजावट: तुमचे अनुभव लिहा

काल इथं पुण्यात माळ्यावरचं खोकं उघडलं आणि एक लाकडी शंकू हाती आला, अंगभर खिळे ठोकलेला. अमेरिकेत व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग, 18व्या शतकातल्यासारखं जपलेलं गाव, डोळ्यांपुढे उभं राहिलं. चार वर्षं होतो तिथं. हा शेजारच्या आजींनी दिलेला. एकेका खिळ्यावर एकेक लालबुंद सफरचंद दाबून बसवायचं, फटींत बॉक्सवुडच्या (सदाहरित झुडूप) डहाळ्या खोचायच्या, वर तुऱ्यासकट अननस. दाराला मॅग्नोलियाच्या पानांचं कडं. पान वरून चकचकीत हिरवं, उलटं केलं की तपकिरी मखमल. जुन्या वस्तीत दारांवर सगळं खरंखुरं: लिंबं, कापसाची बोंडं, कालवांचे शिंपले. अंधार पडला की खिडक्याखिडक्यांत एकेक पांढरी मेणबत्ती. कुणी केलीय का अशी सजावट?

—

आम्ही न्यू जर्सीहून मुद्दाम गेलो होतो. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता पालथा घातला, फक्त दारं बघत. एका कड्यात चक्क वाळलेली भेंडी! तिथल्या बाई म्हणाल्या, 18व्या शतकात दारावर फळं कुणी लावत नसे. अननस केवढा महाग, बाहेर कोण सडवेल? ही पद्धत 1930च्या दशकातली, खिडकीतल्या मेणबत्त्याही 1934 पासूनच्या. जरा हिरमुसले, पण फोटो काढायचे थांबले नाही.

—

हो, आजीही हेच सांगायच्या. तरी दरवर्षी तेवढ्याच मनापासून करायच्या.

—

खारी!! रिचमंडला आमच्या शंकूवरच्या सफरचंदांच्या खालच्या दोन रांगा खारींनी दोन दिवसांत फस्त केल्या. मुलीनं मग त्यांच्यासाठी वेगळी बशीच ठेवली.

—

आमच्या वसईत 1739 पर्यंत पोर्तुगीज, त्यामुळे थाट वेगळा. आई गोठ्यासाठी आधीच ताटलीत नाचणी पेरायची. कोंब बोटभर झाले की तेच बाळ येशूचं कुरण. रोज पाणी शिंपडायचं काम माझं. यंदा आई नाही. नाचणी आणून ठेवलीय, अजून पेरली नाही.

—

पेरा हो ताई. आजच पेरा.

—

माळ्यावर एकट्या चढू नका बरं, माझ्या सासूबाई स्टुलावरून पडल्या, तीन महिने अंथरुणाला. कुकर झाला, येते.

—

खिळे लोखंडी आहेत का? गंजले असतील तर घासून घ्या. आणि पुण्यात बॉक्सवुड कुठलं, आंब्याचे डहाळे लावा.

—

लोखंडीच आहेत. आंब्याचे डहाळे, हो! रविवारी मंडईत जाते, तुऱ्याचा अननस शोधायला.