अनुभव धागा: चेक इंजिनचा दिवा आणि प्रदूषण चाचणी

प्रास्ताविक

गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत असला, की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये तेच तेच प्रश्न विचारले जातात. १९९६ च्या मॉडेलपासून येथील प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ ही स्वनिदान प्रणाली सक्तीची आहे. त्यामुळे जिथे चाचणी आहे अशा बहुतेक राज्यांत आता धुराड्यात नळी घालत नाहीत. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीत वायर लावतात आणि गाडीच्या संगणकालाच विचारतात. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास, हे सर्वांना ठाऊक असते. दिवा विझलेला असूनही गाडी परत पाठवली जाऊ शकते, हे मात्र पुष्कळांना केंद्रावर गेल्यावरच कळते.

आपापल्या राज्यातले, देशातले अनुभव येथे लिहावेत. संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड कोणता होता, दुरुस्ती नेमकी कशाची झाली आणि गाडी शेवटी कशी पास झाली, हे आले तर पुढच्या वाचकाला उपयोग होईल. गॅरेजांची आणि मोटार कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

माझी गाडी २०११ ची आहे आणि कोड होता पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर शुद्ध करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता कमी पडते आहे. पहिल्या गॅरेजने सरळ नवा कन्व्हर्टर सांगितला. कॅलिफोर्नियात बदली कन्व्हर्टरवर राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक असावा लागतो, आणि असे कन्व्हर्टर इतर राज्यांत चालणाऱ्या कन्व्हर्टरांपेक्षा बरेच महाग पडतात, म्हणून मी दुसरे मत घेतले. त्या मेकॅनिकने कोडवर विश्वास ठेवण्याआधी गाडी उचलून एक्झॉस्टचे सांधे तपासले. एका गॅस्केटमधून गळती होती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर त्यामुळे फसत होता. गॅस्केट बदलले, कोड पुसला, दिवा गेला. खर्च कन्व्हर्टरच्या तुलनेत नगण्य होता.

खरा वेळ त्यानंतर लागला. कोड पुसला की गाडीच्या संगणकातले सगळे 'मॉनिटर', म्हणजे स्वतःच्या भागांच्या ज्या तपासण्या गाडी चालता चालता करते त्या, पुन्हा 'अपूर्ण' होतात. कॅलिफोर्नियात २००० किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त बाष्प-नियंत्रणाचा म्हणजे इव्हॅप मॉनिटर अपूर्ण चालतो. बाकी सर्व पूर्ण असावे लागतात. मी एक साधा ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि फोनवर मॉनिटरांची स्थिती पाहत राहिलो. रोजच्या ८८० फ्रीवेवरच्या रांगेत कन्व्हर्टरचा मॉनिटर काही पूर्ण होईना. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना एकाच वेगाने बराच वेळ गाडी चालवली, तेव्हा तो झाला.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात २०१० आणि नंतरच्या गाड्यांमधले 'पर्मनंट कोड'ही पाहतात. हे कोड स्कॅनरने पुसता येत नाहीत आणि बॅटरी काढूनही जात नाहीत. संबंधित तपासणी यशस्वी झाली की गाडीचा संगणक ते स्वतःच काढतो. कोड पुसल्यापासून इंजिन थंडपासून गरम होण्याची १५ आवर्तने आणि २०० मैल झाले असतील, तर मात्र तो कोड गाडीच्या आड येत नाही. शेवटच्या आठवड्यात दिवा विझवून चाचणीला जाणाऱ्यांचा मार्ग यामुळे बऱ्यापैकी बंद झाला, आणि मला तरी ते योग्यच वाटते. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी 'प्री-टेस्ट', म्हणजे खऱ्या चाचणीआधीची तपासणी, मागावी, आणि चाचणी लांबली तरी डीएमव्हीचे (राज्याच्या मोटार वाहन विभागाचे) नोंदणी शुल्क मुदतीत भरून टाकावे, म्हणजे विलंबदंड लागत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्या गाडीत दिवा नव्हताच. कडाक्याच्या थंडीत बॅटरी मेली, नवी बसवली, आणि त्याच आठवड्यात आम्ही राज्याच्या तपासणी केंद्रावर गेलो. येथे ही तपासणी विनाशुल्क असते आणि प्रवासी गाड्यांची यांत्रिक तपासणी २०१० पासून बंद असल्याने आता ती केवळ प्रदूषणापुरती उरली आहे. बॅटरी काढल्यामुळे मॉनिटर शून्यावर आले होते, त्यामुळे गाडी नाकारली गेली. केंद्रावरच्या माणसाने काहीही दुरुस्त न करता 'नेहमीसारखी चालवा आणि परत या' असे सांगितले. ते ऐकून यजमान वैतागले, कारण बिघाडच नसताना नापास होण्याचा अर्थ त्यांना लागेना. कामावर जाण्यायेण्यात, मध्ये गार्डन स्टेट पार्कवेवर, मॉनिटर हळूहळू पूर्ण झाले. २००१ आणि नंतरच्या गाडीला येथे एक मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो, त्यामुळे इव्हॅपची वाट पाहावी लागली नाही.

डेट्रॉईट परिसर, मिशिगन

मिशिगनमध्ये आज अशी चाचणीच नाही. ज्या शहरात या प्रणाली बनतात तिथेच त्यांना कोणी विचारत नाही, हा विनोद आम्ही कार्यालयात नेहमी करतो. पण माझे कामच या मॉनिटरांचे कॅलिब्रेशन करण्याचे असल्याने 'गाडी तयार का होत नाही', म्हणजे मॉनिटर पूर्ण का होत नाहीत, याबद्दल थोडे लिहितो.

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचा संकेत सतत वरखाली होत राहतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्याचा संकेत जवळपास स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला, की संगणक पी०४२० नोंदवतो. ही तुलना करायला कन्व्हर्टर पूर्ण तापलेला आणि इंजिनवरचा भार स्थिर असावा लागतो, म्हणून शहरातल्या सिग्नलांमध्ये हा मॉनिटर होत नाही. फ्रीमाँटच्या सदस्यांचा अनुभव अगदी नमुनेदार आहे. मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), तेल जळणे, एक्झॉस्टची गळती यांपैकी काहीही असले तरी दोष कन्व्हर्टरच्या नावावर जमा होतो. किंबहुना मिसफायर तसाच राहू दिला तर चांगला कन्व्हर्टरही जळतो. दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर तो नेमके हेच सांगत असतो. अशा वेळी चाचणीचा विचार बाजूला ठेवून गाडी चालवणे थांबवावे.

इव्हॅपची तपासणी सर्वांत हट्टी. पेट्रोलच्या टाकीची वाफ बाहेर गळते का हे पाहण्यासाठी संगणक ती व्यवस्था बंद करून दाब टिकतो की नाही ते मोजतो, आणि सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही त्याला पकडावी लागते. त्यासाठी इंजिन रात्रभर थंड झालेले, टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली आणि हवा फार गरम वा फार थंड नसलेली अशी परिस्थिती लागते. टाकी काठोकाठ भरून 'आता लांब चालवून आणतो' म्हणणारे लोक नेमकी हीच अट मोडतात. दोष आढळला तरी बहुतेक कोडांसाठी सलग दोन फेऱ्यांत तो दिसल्यावरच दिवा लागतो, आणि सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की आपोआप विझतो. म्हणून सैल राहिलेले पेट्रोलचे झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच गेला नाही, तरी घाबरून कोड पुसू नये; पुसलात तर बाकीचे पूर्ण झालेले मॉनिटरही जातात.

प्लेनो, टेक्सास

टेक्सासात १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द झाली आणि आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सगळीच तपासणी गेली असा अर्थ काढला. डॅलस, ह्यूस्टन आणि ऑस्टिन परिसरातील काउंट्यांमध्ये प्रदूषण चाचणी अजून आहे आणि आमची कॉलिन काउंटी त्यांत येते.

आमच्या गाडीला पी०१२८ होता: इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचे तापमान राखणारी झडप, उघडा अडकला होता. येथील उन्हाळ्यात 'इंजिन पुरेसे तापत नाही' हे ऐकून हसू येते, पण त्या बिघाडामुळे कन्व्हर्टरचा मॉनिटर सुरूच होत नव्हता, म्हणजे एका स्वस्त भागामुळे दोन अडथळे उभे राहिले होते. थर्मोस्टॅट बदलल्यावर दोन्ही सुटले. इव्हॅप मात्र ऑगस्टच्या उकाड्यात झाला नाही, आणि एक मॉनिटर अपूर्ण चालतो म्हणून त्यावाचून भागले.

सासूबाई-सासरे येतात तेव्हा वापरण्यासाठी एक जुनी गाडी ठेवलेली आहे. अशा कमी चालणाऱ्या गाडीसाठी टेक्सासात वेगळी सवलत आहे: वर्षाला ५,००० मैलांहून कमी धाव असेल आणि नापास झाल्यावर प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीवर किमान १०० डॉलर खर्च झाले असतील, तर अर्ज करता येतो. पावत्या जपून ठेवाव्यात.

सिएटलहून सॅन होजेला

वॉशिंग्टन राज्याने १ जानेवारी २०२० पासून ही चाचणी बंद केली. तिथे असताना गाडीला एका गॅरेजमधून नवा कन्व्हर्टर बसवला होता. दिवा नाही, कोड नाही, सर्व मॉनिटर पूर्ण. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आलो, नोंदणीसाठी स्मॉग चेकला, म्हणजे इथल्या प्रदूषण चाचणीला, गेलो आणि गाडी संगणकावर पास होऊनही दृश्य तपासणीत नापास झाली, कारण त्या कन्व्हर्टरवर वर उल्लेखलेला मान्यता क्रमांक नव्हता. कन्व्हर्टर दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला. हवेच्या दृष्टीने यातून काय साधले, हे मला अजून कळलेले नाही. कॅलिफोर्नियात येण्याचा विचार असलेल्यांनी हा भाग बदलण्याआधी क्रमांक विचारून घ्यावा.

पुणे

हा धागा वाचून गंमत वाटली, कारण आईच्या गाडीत दिवा जळत असताना पीयूसी कोणत्याही प्रश्नाविना मिळाली. आपल्याकडे पीयूसी केंद्रावर गाडीच्या संगणकाला कोणी विचारत नाही. धुराड्यातला धूर मोजतात. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. टाकीच्या वाफेची गळती या मोजणीत कधीच दिसणार नाही, आणि थकत चाललेला कन्व्हर्टरही नुसत्या उभ्या गाडीत अनेकदा निभावून जातो. एक वर्षाची पीयूसी हातात आहे म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही. आईच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता आणि पेट्रोल जास्त जळत होते, ते खिशाला आधी कळले.

स्लाऊ, इंग्लंड

आमच्याकडे दोन्हींच्या मधला प्रकार आहे. २० मे २०१८ पासून एमओटीमध्ये, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक तपासणीत, इंजिनचा पिवळा दिवा जळत असणे हा 'मेजर' दोष धरतात, म्हणजे गाडी नापास. हा नियम १ जुलै २००३ पासूनच्या पेट्रोल आणि १ जुलै २००८ पासूनच्या डिझेल गाड्यांना लागू आहे. पण तपासनीस दिवा डोळ्यांनी पाहतो, मॉनिटर पूर्ण आहेत का हे विचारत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी कोड पुसून जाणारे लोक येथे आहेत. आमच्या डिझेल गाडीचा दिवा काजळी अडवणाऱ्या फिल्टरमुळे लागला होता, कारण गाडी फक्त शाळा आणि दुकान एवढीच फिरत असे आणि साचलेली काजळी जळायला लागणारी उष्णता कधी निर्माणच होत नसे. एम-४ वरून रेडिंगपर्यंत जाऊन आल्यावर फिल्टर मोकळा झाला. तो पोकळ करून देणारेही भेटतात. फिल्टर काढलेला आढळला तर गाडी नापास होते, हे त्यांनी सांगितले नव्हते.

नेपरव्हिल, इलिनॉय

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आमचा कोड पी०४२० च होता आणि गॅरेजने कन्व्हर्टरचा अंदाजखर्चही दिला होता. गाडी आठ वर्षांच्या आतली होती आणि ८०,००० मैल झाले नव्हते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार कन्व्हर्टर आणि इंजिनचा मुख्य संगणक यांना प्रदूषण-हमी आठ वर्षे किंवा ८०,००० मैल, जे आधी होईल तितकी असते, गाडीची नेहमीची हमी संपली असली तरीही. डीलरने आधी टाळाटाळ केली. मालकाच्या पुस्तिकेतले हमीचे पान समोर ठेवल्यावर कन्व्हर्टर विनामूल्य बदलून मिळाला. कॅलिफोर्नियात पीझेडईव्ही (अत्यल्प प्रदूषण करणाऱ्या गाड्यांच्या) वर्गात प्रमाणित झालेल्या गाड्यांना ही हमी १५ वर्षे किंवा १,५०,००० मैल असते, त्यामुळे तिकडच्या जुन्या हायब्रिडवाल्यांनी बॉनेटखालचे लेबल पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.