सर्वेक्षणात 'विमा नाही' म्हणणाऱ्यांचा आकडा किती खरा?

पाचपावलीकर: एनएसएसच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, 75व्या फेरीत (2017-18) देशातल्या ग्रामीण भागात सुमारे 86 टक्के आणि शहरांत 81 टक्के लोकांना कुठलंच आरोग्यविमा संरक्षण नव्हतं. वादात हा आकडा सगळे तोंडावर फेकतात. महाराष्ट्रातल्या उत्तरांवर तरी माझा भरवसा नाही. राज्य सरकारची मोफत उपचारांची जीवनदायी योजना नोव्हेंबर 2013 पासून राज्यभर आहे, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की घर त्यात बसलं. हप्ता भरायचा नाही. सर्वेक्षणाच्या कामात एक बाई मला म्हणाल्या, "विमा-बिमा नाही जी, हप्ता कुठून भरणार?" दारामागे खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत केशरी कार्ड लटकत होतं. सासऱ्यांचं डायलिसिस त्याच कार्डावर चालू! दवाखान्यात आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, कार्डाची झेरॉक्स मागितली, एवढंच त्यांना आठवत होतं.

बुटीबोरी_शिफ्ट: आकडा बरोबर आहे भाऊ, योजनेच्या लाभार्थ्यांची सरकारी यादीच फुगलेली आहे. आपण योजनेत आहोत हे ज्या घराला माहीत नाही, ते रात्री अडीचला जवळच्या खाजगीत धावतं, डिपॉझिट भरतं, मंगळसूत्र गहाण टाकतं. कागदावर 'संरक्षित' असून काय चाटायचं?

पाचपावलीकर: पण सासऱ्यांना मिळालं ना! हक्क आहे का हा एक प्रश्न, माहीत आहे का हा दुसरा. सर्वेक्षणात आपण विचारतो दुसरा, छापतो पहिल्याचं उत्तर म्हणून.

आकडेमोड: दोघंही एक गोष्ट विसरताय. एनएसएस माणसं मोजतं. एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, मात्र घरातल्या एकालाही संरक्षण असलं तर अख्खं घर मोजतं: 2015-16 मध्ये 28.7 टक्के, 2019-21 मध्ये 41. हे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. त्यात उत्तर देतं घरातलं एकच माणूस. पोराच्या पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापले जातात, हे आईला कोण सांगतं? अमेरिकेतही मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे लाभार्थी सर्वेक्षणात नोंदींपेक्षा कमी भरतात. कॅलिफोर्नियात त्याच योजनेला मेडी-कॅल म्हणतात, म्हणजे घोळात भर. तिथे निदान उत्तरं सरकारी नोंदींशी ताडून तरी पाहिली.

बुटीबोरी_शिफ्ट: ईएसआयसीचं तर बोलूच नका. ठेकेदार बदलला, नव्याने पैसे भरलेच नाहीत, की संरक्षण गेलं. आमच्या लाइनवर कित्येक जण जुनं कार्ड पाकिटात ठेवून "आहे" सांगतात. म्हणजे चूक फक्त 'नाही'कडेच झुकते असं काहून धरता?

पाचपावलीकर: हे मान्य, पण ठेकेदारीपुरतंच. रेशनकार्डवाली घरं त्याहून कितीतरी जास्त.

नंदनवन_जी: 2024 पासून या योजनेत पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घरटी पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणजे आता कार्डवाल्या कुणीही 'नाही' म्हटलं तर ते चूकच. मग विचारताच कशाला?

पाचपावलीकर: वेगळं विचारा. रेशनकार्ड कोणतं? शेवटचं कुणी भरती झालं तेव्हा बिल कुणी भरलं?

बुटीबोरी_शिफ्ट: आणि पेशंट नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, असला तर? तिथे मोठं बिल हातात येतच नाही. ते योजनेत बसलं की सरकारी दवाखाना म्हणून स्वस्तात झालं, हे तुमच्या त्या बाईंनी कसं सांगायचं?